हाँगकाँग, चीनहून आलेल्या शेजाऱ्यांशी दोस्ती कशी करायची आणि आपला विश्वास कसा सांगायचा : इंग्लंडातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींसाठी

हे मी इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती भावाबहिणींसाठी लिहितेय, खास करून जे स्वतः नुकतेच आलेत आणि ज्यांच्या गल्लीत, मुलांच्या शाळेत, युनिव्हर्सिटीत आता हाँगकाँगची, चीनची, तैवानची, कोरियाची माणसं दिसायला लागलीत. मनापासून वाटतं की यांच्याशी ओळख व्हावी, आपण ज्या प्रभूला मानतो त्याच्याबद्दल यांना सांगावं, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या लोकांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल, व्हिसा-बिसाचे नियम तेवढे सोडून द्या.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तो माणूस कधीच चर्चला आला नाही, येशूबद्दल सगळं ऐकून घेऊन शांतपणे "नको" म्हणाला, तरी तुम्ही त्याच्या घरी जाणार असाल, त्याच्या आईला हॉस्पिटलला न्यायला गाडी काढणार असाल, तरच या कामाला लागा. आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, की आपण ख्रिस्ती आहोत हे लपवून ठेवायचं आणि सहा महिने ओळख वाढवून मग एकदम बायबल पुढे करायचं हेही दोस्तीत बसत नाही, समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं आणि ते बरोबरच आहे. दोस्ती खरी आणि विश्वास उघड, हे दोन्ही एकदमच हवं.

पहिली पायरी : समोर कोण आहे ते कळू द्या

"ईस्ट एशियन" हे नाव सरकारी फॉर्मवर ठीक आहे, माणसाशी बोलताना काही कामाचं नाही. आपल्याला कोणी बघताक्षणी पंजाबी समजून बोलायला लागलं की कसं वाटतं ते माहितीये ना, तैवानच्या माणसाला चिनी म्हटलं की त्याला त्याहून कितीतरी जास्त लागतं. "तुम्ही लहानाचे मोठे कुठे झालात?" एवढंच विचारा आणि पुढचं त्यांना सांगू द्या.

हाँगकाँगची बरीच मंडळी बीएनओ व्हिसावर आलीत. हा व्हिसा 31 जानेवारी 2021 ला सुरू झाला, 1997 मध्ये हाँगकाँग चीनकडे जायच्या आधी ज्यांनी ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज म्हणून नाव नोंदवलं होतं त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, आणि तेव्हापासून दीड लाखाहून जास्त लोक इकडे आलेत. सटन, किंग्स्टन, रेडिंग, वॉरिंग्टन, नॉटिंगहॅम, सॉलिहल, मँचेस्टरजवळचं सेल आणि आल्ट्रिंगहॅम, इथे जास्त दिसतील, कारण बहुतेकांनी मुलांची शाळा बघून घर घेतलंय. ही माणसं घरदार आवरून, कधी आईवडिलांना मागे ठेवून आलेली आहेत. तिकडे शिक्षक, अकाउंटंट, नर्स असलेली माणसं इथे वेअरहाउसमध्ये पॅकिंग करताना भेटतात आणि त्याबद्दल ती फारसं बोलत नाहीत.

चीनहून आलेले जास्त करून स्टुडंट. इथल्या युनिव्हर्सिट्यांत त्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास आहे आणि त्यातले पुष्कळ जण एक वर्षाच्या मास्टर्ससाठी येतात, म्हणजे सप्टेंबरात ओळख झाली तर पुढच्या सप्टेंबरात ते गेलेले असतात. कोरियन लोकांची मोठी वस्ती लंडनजवळ न्यू मॉल्डनला आहे, जपानी कुटुंबं ॲक्टन-ईलिंगकडे, तिथे त्यांची शाळा आहे म्हणून.

आता यातले कितीतरी लोक आधीच ख्रिस्ती असतात हे लक्षात असू द्या. कोरियात 2015 च्या जनगणनेत चारातल्या एकाहून जास्त लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणून नोंदवलं. हाँगकाँगमध्ये मिशनच्या शाळा इतक्या आहेत की चर्चला न जाणाऱ्यालाही चार गीतं तोंडपाठ असतात. तेव्हा सरळ विचारा, तुम्ही तिकडे चर्चला जायचात का? जात असतील तर ते तुमचे भाऊबहीणच आहेत, त्यांना सांगण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐका. जवळपास कँटोनीज किंवा मँडरिन मंडळी असेल तर ती शोधून द्या, आपल्याच चर्चची खुर्ची भरावी असा हट्ट नको. जपानमध्ये मात्र ख्रिस्ती शंभरात एखादा, तिथल्या माणसाने बायबल कधी हातातच घेतलेलं नसतं.

थोडं प्रॅक्टिकल. हाँगकाँगचे लोक कँटोनीज बोलतात आणि जुनी, पूर्ण चित्रलिपी वाचतात, चीनमधले मँडरिन बोलतात आणि सोपी केलेली लिपी वाचतात, तैवानमध्ये मँडरिन पण लिपी जुनी. पुस्तक किंवा कार्ड देताना हे बघूनच द्या. हाँगकाँगवाले व्हॉट्सॲपवर असतात, चीनचे वीचॅटवर, कोरियन काकाओटॉकवर, जपानी आणि तैवानी लाइनवर. नावात आडनाव आधी येतं. इंग्रजी नाव सांगितलं तर तेच वापरा, पण "घरी तुला काय म्हणतात" हेही विचारा आणि ते नीट उच्चारायला शिका, चार वेळा विचारलंत तरी कोणाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

दुसरी पायरी : कामाला या

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आणि घर बदलल्यानंतरचे पहिले दोन महिने, या वेळात माणसाला सगळ्यात जास्त मदत लागते आणि तेव्हाच आसपास कोणी नसतं. आपण मराठी लोक इथे स्वतः यातून गेलोय त्यामुळे इथल्या गोऱ्या मंडळीला जे सुचतच नाही ते आपल्याला आपोआप सुचतं. रजई कुठे स्वस्त मिळते, मीटरचं रीडिंग कसं पाठवायचं, हीटिंग दिवसभर चालू ठेवलं तर बिल किती येतं, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा.

काही गोष्टी पक्क्या माहीत करून घ्या म्हणजे चुकीचा सल्ला जाणार नाही. हाँगकाँगचं ड्रायव्हिंग लायसन्स इथे परीक्षा न देता बदलून मिळतं, जपान, कोरिया आणि तैवानचंही, पण चीनचं मिळत नाही, आपल्या भारतातल्यासारखंच, तेव्हा "मला तर टेस्ट द्यावी लागली" म्हणून त्यांनाही टेस्टला पाठवू नका. फुलटाइम स्टुडंटला काउन्सिल टॅक्स नसतो पण तो आपोआप माफ होत नाही, काउन्सिलला कळवावं लागतं. वर्षाच्या मधेच आलेल्या मुलांच्या शाळेसाठी अर्ज कुठे करायचा ते आधी काउन्सिलला विचारा. पुढे पर्मनंट व्हायच्या वेळी लाइफ इन द यूके टेस्ट असते, 24 प्रश्न, 18 बरोबर यावे लागतात, आणि पन्नाशीच्या माणसाला ती एकट्याने अभ्यासून द्यायची खूप धास्ती वाटते, आठवड्यातून एक संध्याकाळ बरोबर बसलात तर फार मोठं काम होतं. व्हिसाच्या अर्जात नेमकं काय लिहायचं हे मात्र आपण सांगायचं नाही, कायद्याने तो सल्ला फक्त परवानगी असलेल्या माणसालाच देता येतो, त्यांना तिकडे घेऊन जा.

पैशांच्या बाबतीत एक दुखणं आहे ते माहीत हवं. हाँगकाँगमध्ये नोकरदारांचा एमपीएफ नावाचा फंड असतो, आपल्या पीएफसारखा, आणि कायमचं देश सोडणाऱ्याला तो आधी काढता येतो, पण चीनने बीएनओ पासपोर्ट मानायचं बंद केल्यापासून या व्हिसावर आलेल्यांना तो काढू देत नाहीत. आयुष्यभराची कमाई तिकडे अडकलेली आणि इथे व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज, जो आता मोठ्या माणसाला वर्षाला 1035 पाउंड आहे, पाच वर्षांचा व्हिसा घेतला तर पाच वर्षांचा एकदम भरायचा. एखादं कुटुंब खर्चाला फार जपतंय असं दिसलं की त्यामागे हे असू शकतं. त्यांना महागड्या रेस्टॉरंटात बोलावू नका, घरी बोलावा.

मदत म्हणजे नक्की काय ते एका उदाहरणाने सांगते. आमच्या ओळखीच्या एका हाँगकाँगच्या आजींना जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं होतं. सुनेला सुट्टी नाही, नातू बारा वर्षांचा, तोच आजीसाठी भाषांतर करणार. मी त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसले, आजींनी आधी गरम पाण्याचा थर्मास आणि कप पुढे ठेवला, मग औषधांची पिशवी उलटी केली, सगळ्या डब्यांवर चिनी अक्षरं. आम्ही एकेका डब्याचा फोटो काढला, औषधाचं मूळ नाव बारीक इंग्रजी अक्षरांत कडेला असतं ते शोधून कागदावर उतरवलं, बीपीची एक, साखरेच्या दोन आणि एक नुसती खोकल्याची, मग फॉर्म भरला आणि रिसेप्शनला फोन करून सांगितलं की कँटोनीज दुभाषा लागेल. तो फुकट मिळतो, मागावा मात्र लागतो, आणि पोरांना आजीच्या पोटदुखीचं भाषांतर करायला लावू नये. त्या दिवशी येशूचा विषय निघाला नाही आणि निघायला हवा होता असंही मला वाटत नाही. मी चर्चची आहे हे आजींना माहीत होतं तेवढं पुरे.

जिथे मूल किंवा एकटी तरुण मुलगी असेल तिथे चर्चचे सेफगार्डिंगचे नियम शंभर टक्के पाळा, बाईने बाईला भेटावं, पुरुषाने पुरुषाला, आणि शक्यतो दोघांनी मिळून जावं.

तिसरी पायरी : जेवायला बोलावा

इथे वर्षभर राहून एकाही इंग्रज घराचा उंबरा न ओलांडलेले स्टुडंट कितीतरी आहेत. आपल्याकडे घरी बोलावणं सहज होतं, ते आपलं बळ आहे, ते वापरा.

तिखट अर्ध्याहून कमी करा, कँटोनीज जेवण तर अगदी सौम्य असतं, सिच्वान किंवा हुनानचा कोणी असेल तर तो स्वतःहून मिरची मागेल. दुधाचे पदार्थ बऱ्याच जणांना पचत नाहीत, म्हणून बासुंदी, पनीर, दुधाचा चहा यांचा आग्रह नको, वरण-भात, कमी तिखट चिकन रस्सा, परतलेली पालेभाजी, अंड्याची पोळी हे सगळ्यांना चालतं. शेवटी कापलेली फळं ठेवा. गार पाण्याऐवजी कोमट पाणी विचारा. बौद्ध आणि शाकाहारी कोणी असेल तर कांदा-लसूणही चालत नसेल, हे आपल्याकडे नवीन नाहीच, आधी विचारून घ्या. वेळ संध्याकाळी सहाची द्या, नऊला जेवण वाढलं तर बिचारे उपाशी बसतील.

भेटवस्तू आणतील, दोन्ही हातांनी घ्या, त्यांच्यासमोर लगेच फोडायची पद्धत बऱ्याच घरांत नाही तेव्हा बाजूला ठेवली तरी चालतं. तुम्ही द्याल तेव्हा घड्याळ देऊ नका, चारचा सेट देऊ नका, पांढऱ्या पाकिटात पैसे देऊ नका, हे सगळं मरणाशी जोडलेलं आहे. चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, मुलांनाही सांगा. घेता का विचारलं की पहिल्यांदा "नको नको" म्हणतील, आपल्याकडेही तसंच असतं, दोनदा विचारा, पण तिसऱ्यांदा ताटात वाढून टाकायची सवय आवरा.

आणि त्यांनी बोलावलं तर नक्की जा, कितीही दमलेले असलात तरी. चांद्र नवीन वर्ष जानेवारीच्या शेवटाकडे नाहीतर फेब्रुवारीत येतं, उत्तर चीनमधल्या घरांत त्या रात्री सगळे मिळून डंपलिंग भरतात, दिवाळीच्या करंज्यांसारखंच, एक जण लाटतो, एक सारण भरतो, एक कडा मुडपतो, आणि त्यात तुम्हाला हात लावू दिला की समजा तुम्ही आता पाहुणे राहिला नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात चंद्राचा सण येतो, मूनकेक असतात, कोरियन लोकांचा चुसॉक त्याच दिवशी. घर सोडून आलेल्या माणसाला या दोन दिवशी सगळ्यात एकटं वाटतं, तेव्हा कॅलेंडरवर खूण करून ठेवा. मुद्दाम सांगते, या जेवणाला बोलावणं आलं तर तिथे प्रवचन घेऊन जाऊ नका, तो त्यांचा सण आहे.

चौथी पायरी : काय जपायचं

हे मी वेगळं काढलंय कारण यात निष्काळजीपणा झाला तर दुसऱ्याला त्रास होतो, आपल्याला नाही.

फोटो. चर्चमधल्या कार्यक्रमाचा ग्रुप फोटो काढून फेसबुकवर टाकायची आपल्याला फार सवय आहे. हाँगकाँगमध्ये 30 जून 2020 पासून नॅशनल सिक्युरिटी कायदा आहे, ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत ते फोटोला घाबरतात आणि कारण सांगायलाही घाबरतात. चीनच्या स्टुडंटला चर्चमधला फोटो पुढे नोकरीत अडचणीचा ठरू शकतो. तेव्हा आधी विचारा, आणि "चालेल" असं जरा अडखळत म्हणाले तर नको असंच समजा. साक्षही त्यांच्या नावाने कुठे छापू नका.

वीचॅट. त्यावर बघणारे असतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. जेवायला कधी येतेस, पार्सल आलं का, असलं सगळं तिथे बोला, बायबलची वचनं, प्रार्थनेचे विषय, चर्चचा पत्ता तिथे पाठवू नका, समोरासमोर बोला. चीनमध्ये ऑनलाइन धार्मिक मजकुराबद्दल 1 मार्च 2022 पासून वेगळे कडक नियमच आहेत.

राजकारण. हाँगकाँगचा आणि चीनचा माणूस एकाच टेबलावर असेल तर हाँगकाँगमधल्या 2019 च्या आंदोलनांचा विषय तुम्ही काढू नका. एकेकटे असताना त्यांनी काढला तर ऐका. आपल्या चीन-भारत सीमेवरच्या मतांची तिथे गरज नाही, तो पोरगा पुण्यातल्या पोरासारखाच आईवडिलांच्या पैशांवर शिकायला आलाय.

आणि आपण कोण ते स्पष्ट सांगा. चर्चचं नाव, पाळकांचं नाव, कुठे भरतं, सगळं. जपानमध्ये 1995 चा टोकियो मेट्रोतला सरीन हल्ला एका पंथाने केला होता आणि 2022 मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबेंच्या हत्येनंतर युनिफिकेशन चर्चने लोकांकडून उकळलेल्या पैशांचं प्रकरण बाहेर आलं, त्यामुळे जपानी माणूस धर्म म्हटलं की आधी दोन पावलं मागे जातो. कोरियन स्टुडंटना शिनचॉन्जीसारख्या गटांचा अनुभव असतो, जे आधी नाव न सांगता बायबल अभ्यासाला बोलावतात. म्हणून इंग्लिश कॅफे चालवत असाल आणि शेवटी पंधरा मिनिटं बायबलमधली गोष्ट वाचणार असाल तर ते पोस्टरवरच लिहा, आणि त्या वेळी ज्याला उठून जायचंय त्याला हसतमुखाने जाऊ द्या.

पाचवी पायरी : इतिहासाचा सामना

चीनमधल्या शाळेत मुलं अफूच्या युद्धांचा धडा शिकूनच मोठी होतात. 1842 चा नानजिंगचा तह, हाँगकाँग ब्रिटिशांना गेलं, मग 1858 च्या तहाने मिशनऱ्यांना आतल्या भागात जायची मुभा मिळाली, म्हणजे त्यांच्या दृष्टीने तोफा, अफू आणि बायबल एकाच जहाजातून आले. हे नुसतं बोलणं नाही, कार्ल ग्युट्सलाफ नावाचा मिशनरी खरोखरच अफूच्या जहाजांवर दुभाषा म्हणून गेला होता. आणि आपणही यातून सुटत नाही, माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जायची, मुंबईतली कितीतरी जुनी श्रीमंती त्या व्यापारातली आहे.

एखाद्या स्टुडंटने हा विषय काढला तर वाद घालू नका, "पण मिशनऱ्यांनी शाळा-हॉस्पिटलंही काढली" हे पहिलं वाक्य असू नये. झालं ते वाईट होतं हे आधी म्हणा. मग सांगा की आपणही मिशनऱ्यांकडून सुवार्ता ऐकलेल्या, ब्रिटिशांच्या राज्यात राहिलेल्या लोकांची लेकरं आहोत आणि आमच्या घरातही हा प्रश्न विचारला गेलाय. गोऱ्या माणसाने हे म्हणणं आणि आपण म्हणणं यात फरक पडतो. त्यांना एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटू-मिशनऱ्याबद्दल सांगा, 1902 मध्ये त्येनजिनला जन्मलेला, 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकात चारशे मीटरचं सुवर्ण जिंकून परत चीनला गेलेला आणि 1945 मध्ये तिथेच जपानी छावणीत वारलेला. तेही त्याच इतिहासात आहे.

सहावी पायरी : विश्वास सांगायचा कसा

पहिली जागा म्हणजे आपलं स्वतःचं जेवणाचं टेबल. पाहुणे आलेत म्हणून जेवणाआधीची प्रार्थना गाळू नका आणि लांबवूही नका. आधी एक वाक्य सांगा, "आम्ही जेवायच्या आधी देवाचे आभार मानतो, तुम्ही नुसते बसा." मग साध्या इंग्रजीत चार वाक्यं, त्यात पाहुण्याचं नाव आणि तिच्या घरच्यांसाठी एक ओळ. आमच्याकडे आलेल्या एका पीएचडी करणाऱ्या मुलीने प्रार्थना झाल्यावर चमचा हातात तसाच धरून विचारलं, तुम्ही माझ्या आईचं नाव कोणाला सांगितलंत? तिथून जे बोलणं सुरू झालं ते भांडी घासून होईपर्यंत चाललं. प्रश्न तिचा होता म्हणून उत्तर ऐकायला तिला वेळ होता.

स्वतःची गोष्ट सांगा, छोटी, खरी. विश्वासामुळे तुमच्या रागाचं, भीतीचं, पैशाच्या चिंतेचं काय झालं ते सांगा, आणि जे अजून सुटलेलं नाही तेही सांगा. चीनमधली बरीच मुलं देव नाहीच असं शिकून आलेली असतात, त्यांना "बायबल म्हणतं म्हणून" हे कारण पुरत नाही, पण माणसाचा अनुभव ती मन लावून ऐकतात. विज्ञानाचे प्रश्न येतील, उत्तर येत नसेल तर विचारून सांगते म्हणा आणि खरंच विचारून सांगा.

"विचार करून सांगतो" हे जपानी किंवा हाँगकाँगच्या माणसाने म्हटलं तर बहुतेक वेळा तो सभ्य नकार असतो. आणि तुमच्या मदतीच्या बदल्यात काहीतरी द्यायला हवं या भिडेने काही जण चर्चला यायला लागतात, मान हलवतात, प्रार्थनाही म्हणतात. अशांना घाई करू नका. उपकाराची फेड म्हणून घेतलेला बाप्तिस्मा आपल्याला नको आहे, हे त्यांना सरळ सांगितलेलंही चालतं, "तुम्ही चर्चला नाही आलात तरी शनिवारी आपण आयकियाला जाणारच आहोत."

सगळ्यात अवघड प्रश्न आईवडिलांचा आणि पूर्वजांचा. एप्रिलच्या 4 किंवा 5 तारखेला छिंगमिंग असतं, घरचे सगळे पूर्वजांच्या कबरीवर जाऊन साफसफाई करतात, उदबत्ती लावतात, जेवण ठेवतात, आणि ते करायची जबाबदारी थोरल्या मुलावर असते. तो ख्रिस्ती झाला तर आई विचारते, मी मेल्यावर माझ्यासाठी उदबत्ती कोण लावणार? इथल्या इंग्रज मंडळीला हा प्रश्न पटकन कळत नाही, आपल्याला कळतो, कारण आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी आजोबा-पणजोबांनी हेच ऐकलंय, श्राद्ध कोण घालणार, तू तर आम्हाला मेलास. तेव्हा हे आपण हलकं करू नये. कॅथलिक चर्चने 1939 मध्ये पूर्वजांना मान देण्याच्या काही रीतींना परवानगी दिली, प्रोटेस्टंट मंडळ्या बहुतेक उदबत्ती आणि नैवेद्याला नाही म्हणतात पण कबर साफ करणं, फुलं वाहणं, मान लववणं यात घराघरात फरक आहे. निर्णय त्या माणसाने, शक्यतो त्याच्याच समाजातल्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याला विचारून घ्यावा. आपण एवढं सांगू शकतो की आईबापाचा मान राखायची आज्ञा दहा आज्ञांतलीच आहे, आणि ती जिवंतपणी पाळायची. आईला आठवड्यातून दोनदा फोन कर, नवीन वर्षाला घरी जा, पहिल्यापेक्षा चांगला मुलगा हो, मग तिला कळेल की येशूने तिचा मुलगा तिच्यापासून हिरावून घेतला नाही.

म्हणूनच पहिल्यांदा बायबल उघडायचं तर लूकचा 15 वा अध्याय उघडा, उधळ्या पुत्राचा. बाप जिवंत असताना वाटणी मागणं किती मोठा अपमान आहे हे या घरांतल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही, आणि म्हातारा बाप मुलाकडे धावत जातो तिथे ती थांबतात. थोरल्या भावावर तर सगळ्यात जास्त चर्चा होते, कारण आयुष्यभर मार्क आणि आईवडिलांची अपेक्षा यातच गेलेलं असतं.

सातवी पायरी : बरोबर बसून वाचा

नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एक युरोपियन माणूस भेटला, गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला आणि वाचा म्हणाला. बाकीचं टिळकांनी स्वतः वाचून, शंका काढून, पत्रव्यवहार करून केलं आणि 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर कित्येक वर्षांनी आल्या, स्वतःच्या मनाने. पुढे टिळकांनी भजन-कीर्तनातून येशू गायला, साहेबी कपडे घालून नाही. आपण हे सगळं विसरून चिनी मुलीला इंग्रजी कोरस पाठ करायला लावतो. तिने तिच्या भाषेत वाचावं, तिच्या भाषेत प्रार्थना करावी, आपल्याला एक अक्षर कळलं नाही तरी चालेल.

दोन भाषा शेजारी शेजारी असलेलं बायबल घ्या, चिनीमध्ये सर्वांत जास्त चालतं ते 1919 चं युनियन भाषांतर, त्याची भाषा जुनी वाटली तर नवीन भाषांतरंही मिळतात. मार्क किंवा लूक, एका वेळी अर्धं पान, तिने तिच्या भाषेत वाचायचं, तुम्ही मराठीत, मग दोघींनी इंग्रजीत. तीन प्रश्न पुरतात : इथे काय घडलं, यातून येशू कसा माणूस दिसतो, तुला काय खटकलं. तिसरा प्रश्न कधीच सोडू नका. मराठी नवा करार 1811 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला कॅरींच्या छापखान्यात निघाला आणि 1822 मध्ये जोशुआ मार्शमनांनी केलेलं चिनी बायबलही त्याच श्रीरामपूरला पूर्ण झालं, हे मी वाचनाला बसलेल्यांना नेहमी सांगते, मग दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बसण्यात एक वेगळाच आनंद असतो.

आठवी पायरी : परत जाणाऱ्यांची तयारी

एक वर्षाच्या कोर्सला आलेल्या मुलीने विश्वास ठेवला तर इस्टरपासूनच परतीची तयारी सुरू करा. घरच्यांना आधी सांगायचं की बाप्तिस्म्यानंतर, हे तिने ठरवायचं आहे. तिकडे सरकारमान्य थ्री-सेल्फ चर्च असतात आणि नोंदणी नसलेल्या घरगुती मंडळ्याही, कुठे जायचं ते तिथल्या माणसांना विचारूनच ठरवावं. मिल्टन कीन्सला 1950 पासून काम करणारी चायनीज ओव्हरसीज ख्रिश्चन मिशन आहे, अशा ठिकाणच्या अनुभवी लोकांशी तिची गाठ इथेच घालून द्या. बॅगेत बायबल न्यायचं की फोनवर ठेवायचं की काहीच न्यायचं नाही, हेही तिलाच ठरवू द्या.

तिकडे गेल्यावर नोकरी सकाळी नऊ ते रात्री नऊ आणि आठवड्यातले सहा दिवस असू शकते, नातेवाईक लग्नाच्या मागे लागलेले असतात, आणि इथल्यासारखी रविवारची मोकळी सकाळ मिळत नाही. पहिले तीन-चार महिने सगळ्यात कठीण जातात. तेव्हा इथे असतानाच तिला एकटीने वाचायची, एकटीने प्रार्थना करायची सवय लागू द्या, दर वेळी आपण बोट धरून चालवायचं नाही. आणि ती गेल्यावर आठवड्याला एक मेसेज पाठवा. त्यात चर्चला गेलीस का असं लिहू नका, बॉस कसा आहे, आईची तब्येत कशी आहे, जेवलीस का ते विचारा, ज्यांनी विश्वास ठेवला नाही त्यांनाही तोच मेसेज पाठवा.